जबाबदारी नाही

"पुन्हा लग्न करायचंय का तुम्हाला?" बोरगावकरबाईंनी विचारलं आणि भडंगाची मूठ तोंडात टाकली.

"नाही."

"नक्की? काय असेल ते आत्ताच सांगा. मागनं मला तोंडघशी पाडू नका."

"नाही म्हटलं ना बाई."

"मग तसं दिसायला पाहिजे." त्यांनी हात झटकले, शेंगदाण्याचं एक टरफल माझ्या अर्जावर पडलं. "पुढच्या तारखेला साडी नेसून या. कॉटनची. इस्त्री बेताचीच असू दे. टिकली बारीक. आणि ही केसांतली क्लिप काढून टाका, फार चमकते."

कोल्हापूरच्या कोर्टामागच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं ऑफिस होतं. बायकांची केस द्यावी तर बोरगावकरबाईंकडेच, असं आमच्या जयसिंगपुरात ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. दादानंच मला त्यांच्याकडे आणलं होतं. तो माझ्या शेजारी बसून मोबाईलवर कुणाला तरी फरशीचे भाव सांगत होता.

माझा घटस्फोट आदल्या वर्षीच झाला होता. दोघांच्या संमतीनं, फार चिखल न उडता. शेखर बँकेत अधिकारी होता. मारणारा नव्हता, पिणारा नव्हता. नुसता आईच्या पदराखालचा होता, आणि त्या पदराखाली मला जागा नव्हती. ते सगळं संपलं होतं. राहिली होती जुई. तेव्हा ती दुसरीत होती. कोर्टानं तिला तात्पुरती माझ्याकडे ठेवली होती आणि दर रविवारी दहा ते पाच बापाकडे. आता ती कायमची आपल्याला मिळावी म्हणून शेखरनं अर्ज केला होता. आमच्या घरचं रक्त आमच्याच घरात वाढलं पाहिजे, असं त्याच्या आईचं म्हणणं होतं.

"ऐका, तुमच्या यजमानांनी काय लिहिलंय ते," बाई म्हणाल्या.

"माजी यजमान."

"तेच ते." त्यांनी चष्मा लावला. "'अर्जदाराने आपले उर्वरित आयुष्य मुलीच्या संगोपनासाठी वाहून घेतले असून त्याचा पुनर्विवाहाचा कोणताही विचार नाही.' कळलं? तो झालाय संत. आता तुम्ही संतीण व्हायचं. ज्याचा त्याग मोठा, त्याची पोर."

"आणि जुईला काय पाहिजे ते?"

"ते साहेब विचारतील. पोरं काय, आदल्या दिवशी ज्यानं आइस्क्रीम दिलं त्याच्याकडे जातो म्हणतात." त्या दादाकडे वळल्या. "तुम्हीपण लक्षात ठेवा. केस संपेस्तोवर घरात असलं कुणी पाहुणं-बिहुणं येता कामा नये. समोरच्याला वास लागला तर संपलं."

"छे छे, काय बोलताय!" दादा म्हणाला.

मी तेव्हा दूध संघाच्या प्रयोगशाळेत होते. दिवसभर दुधाचे नमुने तपासायचे. दूध नासायच्या आधी त्याला एक बारीक वास येतो, तो माझ्या नाकाला बरोबर कळायचा. त्या ऑफिसात, त्या भडंगाच्या लसूण-मसाल्याच्या आडून, मला तो वास आला. मला वाटलं बाईंचा येतोय.

दादाचं घर मोठं होतं. वर दोन खोल्या, त्यातली एक माझी आणि जुईची. दादाची दोन मुलं मला आत्या म्हणायची, आणि त्यांच्यात खेळता खेळता जुईच्याही तोंडात कधी कधी तेच यायचं. त्याच आठवड्यात दादाचे कुणी ओळखीचे फरशीच्या ऑर्डरीसाठी आले होते. मिरजेचे, एक म्हातारे आणि एक टक्कल पडलेले गृहस्थ. वहिनीनं मला चहा घेऊन बाहेर पाठवलं. मी कप ठेवत होते तेवढ्यात जुई जिन्यावरून धावत आली आणि म्हणाली, "आत्या, मी टीव्ही लावू?"

"लाव की," मी म्हटलं आणि हसले. पाहुणेही हसले.

वहिनीनं तिला आत बोलावून चॉकलेट दिलं. "शहाणी गं माझी बाय ती!" असं म्हणालेलं मी ऐकलं. वहिनी पोरीवर जीव लावते, असं मला तेव्हा वाटलं. भाऊ-भावजयीच्या घरात आयुष्य काढणाऱ्या बाईला असल्या गोष्टींनी फार बरं वाटतं.

रविवारी सकाळी शेखर गाडी घेऊन आला, नेहमीसारखा फाटकाबाहेरच उभा राहिला. मी जुईला पिवळा फ्रॉक घातला होता, दोन वेण्या घातल्या होत्या. ती गेली. मग वहिनी माझ्या खोलीत आली.

"चल आवर. आपल्याला मंडळाच्या कार्यक्रमाला जायचंय."

"मी कशाला?"

"अगं ह्यांचा सत्कार आहे. हॉलला फरशी ह्यांनीच बसवून दिलीय ना! घरचं कुणी नको का टाळ्या वाजवायला? ती मोरपंखी साडी नेस."

सत्कार म्हटल्यावर मी गेले. समाजाच्या मंडळाचा कार्यक्रम म्हणजे तीच ती माणसं, तीच भाषणं आणि मसालेभात. दारात दोन मुली टेबल टाकून बसल्या होत्या. वहिनी पुढे जाऊन त्यांच्याशी काहीतरी बोलली आणि येऊन माझ्या पदराला एक गुलाबी बिल्ला टोचला. त्यावर नंबर होता.

"हे काय?"

"जेवणासाठी असतंय गं."

आत गेल्यावर पाहिलं, तर दादाला नव्हता, वहिनीला नव्हता. गुलाबी बिल्ले नटूनथटून आलेल्या मुलींनाच होते आणि निळे बिल्ले पोरांना. स्टेजवर फलक होता, 'भव्य वधूवर परिचय मेळावा'.

"दादा," मी म्हटलं, "मला घरी सोड."

"बस गं जरा. नुसतं बघायला काय जातंय?"

"बोरगावकरबाई काय म्हणाल्या त्या दिवशी? तू तिथंच बसला होतास ना?"

"त्यांना कोण सांगणार? चारशे माणसं आहेत इथं, कोण कुणाला बघतंय. आणि जन्मभर काय माझ्या माडीवर राहणार आहेस का?"

त्यानं ते हळू म्हटलं, प्रेमानंच म्हटलं. पण म्हटलं. मी खाली बसले.

तेवढ्यात स्पीकर किंचाळला आणि एक आवाज आला, लोण्यासारखा. तो आवाज मी नऊ वर्षं ऐकला होता. सुमतीबाई. माझी सासू. जरीची साडी, गळ्यात मोत्याची माळ, हातात माईक. मंडळाच्या महिला विभागाच्या त्या प्रमुख होत्या, आणि दरवर्षी सूत्रसंचालन त्याच करतात हे मला आठवायला हवं होतं. एकेका मुलाला त्या वर बोलवत होत्या. तो येऊन नाव, शिक्षण, पगार, अपेक्षा सांगायचा आणि खाली उतरायचा. बाजारात बैलाला फिरवून दाखवतात तसं चाललं होतं सगळं, फक्त इथं बैल स्वतःच बोलत होते.

"आता पुढचे उमेदवार," सुमतीबाई म्हणाल्या आणि हसल्या, "म्हणजे आमचेच चिरंजीव!"

हॉलभर हशा पिकला. शेखर वर आला. तोच आकाशी शर्ट, सकाळी फाटकाबाहेर बघितलेला. त्यावर निळा बिल्ला.

"नमस्कार. मी शेखर. सहकारी बँकेत अधिकारी आहे. घटस्फोटित आहे. स्वतःचं घर आहे. अपेक्षा म्हणजे... मुलगी घरात मिसळणारी असावी."

आईनं माईक त्याच्याकडून घेतला. "जबाबदारी काही नाही हं," त्या म्हणाल्या. "अगदी मोकळा आहे."

आयुष्य मुलीसाठी वाहून घेतलेला माणूस टाळ्यांत खाली उतरला. आणि मग एकदम डोक्यात आलं, आज रविवार आहे. दहा ते पाच. मग माझी पोर कुठं आहे?

मी उठले. वहिनीनं पदर धरला, तो सोडवून घेतला. हॉलच्या बाजूच्या बोळात पाहिलं, मागच्या अंगणात पाहिलं, बायकांच्या खोलीत पाहिलं. जेवणाच्या मांडवात पहिली पंगत बसली होती. आणि तिथं टेबलाच्या टोकाला पिवळा फ्रॉक दिसला.

शेखर तिच्या शेजारी बसला होता. समोर एक नवराबायको आणि त्यांची मुलगी, पोपटी साडीतली, मान खाली घालून जिलेबीचे तुकडे करणारी. सुमतीबाई मागे उभ्या राहून आग्रह करत होत्या. मी खांबाआड थांबले. काय होणार होतं ते मला माहीत नव्हतं, तरी पाय पुढे गेले नाहीत.

"गोड आहे हो पोरगी," त्या मुलीची आई म्हणाली. "कुणाची?"

"पुतणी," शेखर म्हणाला.

शेखरला भाऊ नाही.

"पुतणी होय? काकांची लाडकी दिसतीय!"

जुईनं मान वर केली. आधी आजीकडे पाहिलं, मग बापाकडे. "काका," ती म्हणाली, "मला मठ्ठा पाहिजे."

अगदी स्पष्ट म्हणाली. शाळेत कविता म्हणून दाखवतात तसं. सुमतीबाईंनी पर्समधून चॉकलेट काढून तिच्या हातात दिलं आणि तिच्या वेणीवरून हात फिरवला. मी आजवर नासलेलं, किडलेलं, बुरशी आलेलं पुष्कळ पाहिलंय, कामच तसलं होतं माझं. पण त्या चॉकलेटइतकं घाण वाटलेलं काही आठवत नाही.

मी पुढे गेले. जुईनं मला पाहिलं. धावत आली नाही, हाक मारली नाही. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही बोलले तर तिलाच मार बसेल.

शेखर झटकन उठला. मला दंडाला धरून हात धुवायच्या नळापाशी घेऊन गेला.

"वैजू, इथं तमाशा करू नको."

"ती तुला काका म्हणाली."

"हळू बोल. एक दिवसाचा प्रश्न आहे. लोकांना आल्या आल्या सगळं सांगता येत नाही. नंतर सांगणार आहेच मी."

"मी तिला घेऊन चाललेय."

"अजिबात नाही." त्यानं घड्याळ दाखवलं. "कोर्टाची ऑर्डर आहे. पाच वाजेपर्यंत ती माझी मुलगी आहे."

हे त्यानं कुजबुजत सांगितलं. पोपटी साडीच्या बापाला ऐकू जाऊ नये म्हणून. मी हसले असेन, कारण तो चिडला.

"आणि तू काय तोंड वर करून बोलतेस? हा काय बिल्ला लावलायस? म्हणे दुसरं लग्न नाही करायचं! बघच आता, माझा वकील काय करतो ते."

मी बिल्ल्याकडे पाहिलं. तेवढ्यात हॉलमधून पुन्हा स्पीकर सुरू झाला, सुमतीबाई स्टेजवर पोचल्याही होत्या. मुलींची पाळी सुरू झाली होती. मी परत हॉलमध्ये आले ते दादाला शोधायला, घरी जायला. आणि माझा नंबर पुकारला गेला.

सुमतीबाईंच्या हातात दादानं भरलेला फॉर्म होता. त्यांनी तो वाचायला घेतला आणि माझ्या नावावर आल्यावर थांबल्या. अगदी क्षणभर. मला वाटलं आता बाई फेकणार तो कागद, नाहीतर काहीतरी विषारी बोलणार. पण नाही. तोच लोण्यासारखा आवाज.

"वैजयंता. बी.एस्सी. दूध संघात नोकरी. घटस्फोटित." आणि मग, माझ्याकडे बघत, गोड हसून, "जबाबदारी नाही."

मी दादाकडे पाहिलं. तो छताचा पंखा बघत होता.

कोर्टात ही दोन घरं एका पोरीसाठी एकमेकांचे गळे धरत होती. आणि इथं, स्पीकरवर, चारशे माणसांत, दोघांचं अगदी एकमत होतं, की ही पोर नाहीच.

मी स्टेजवर गेले. माईक सुमतीबाईंच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला.

"फॉर्म चुकलाय," मी म्हटलं. "मला मुलगी आहे. जुई नाव तिचं. आत्ता जेवणाच्या मांडवात बसलीय, पिवळा फ्रॉक घालून. आकाशी शर्टातले जे गृहस्थ तिच्या शेजारी आहेत, ज्यांना ती काका म्हणतीय, ते तिचे वडील. ह्या बाई तिची आजी. मला लग्न करायचं नाही. मला कुणी विचारलंही नव्हतं."

कुणीतरी माईक बंद केला. मागच्या रांगेत दोन मुली फिसकन हसल्या. जेवणाच्या मांडवातही स्पीकर होता. पोपटी साडीचा बाप ताट तसंच टाकून उठला, असं नंतर कळलं.

घरी फाटकात गाडी लावताना दादा म्हणाला, "नाक कापलंस माझं. सत्कारपण घेऊ दिला नाहीस."

संध्याकाळी जुई आली. मी तिला जवळ घेतलं.

"बाबांना काका का म्हणालीस गं?"

"आजी म्हणाली गंमत आहे. सांगायची नाही कुणाला." ती माझ्या बांगड्या फिरवत होती. "तू चिडलीस?"

"तुझ्यावर नाही."

"मी बरोबर म्हटलं ना पण? एकदापण चुकले नाही." मग जरा थांबून म्हणाली, "आई, आणि इथं—"

तेवढ्यात वहिनी पोह्यांची बशी घेऊन आत आली. जुई पोहे खायला लागली. मीही पुढे विचारलं नाही.

बोरगावकरबाईंनी मला झाडून काढलं. मेळाव्याला गेलातच कशा, गुलाबी बिल्ला लावून घेतलातच कसा, आता समोरचा तुमची कातडी सोलणार. मी म्हटलं, तो पण होता ना तिथं, त्यानं पोटच्या पोरीला पुतणी केलं, ते सांगा कोर्टात. त्या म्हणाल्या, साक्षीदार आणा. मी दोन-चार घरी गेले. ज्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, त्यांनी मला सरबत पाजलं आणि म्हणाले, "आम्ही त्या वेळी जेवायला गेलो होतो हो." जेवायला गेलेल्यांनी सांगितलं, आम्ही हॉलमध्ये होतो. मंडळाचा व्हिडिओवाला म्हणाला, नेमकी तेव्हाच कॅसेट बदलत होतो.

त्या दिवसांत मी रात्री जुईचा हात धरून झोपायचे. मला खात्री झाली होती की ती जाणार. त्या आकाशी शर्टाच्या घरी जाईल, आणि नवी बायको आली की तिथं पुतणी होऊन राहील.

आणि मग एक दिवस संघात बाईंचा फोन आला. आवाजात साखर.

"पेढे आणा! ते तयार झाले."

"कशाला?"

"ताबा सोडायला. मुलगी कायमची तुमच्याकडे. महिन्यातनं एकदा भेट, बस. तडजोडीचा कागद तयार करते, दोघांनी सह्या करायच्या."

"पण असं कसं एकदम?"

बाई हसल्या. "अहो, त्यांची सोयरीक जमली. तेच ते लोक, मेळाव्यातले. त्यांचा मुलीला विरोध नाही हो, मुलगी घरात नको एवढंच. आधी कोर्टातनं लिहून आणा, मग साखरपुडा, असं म्हणालेत. तुमचा तो तमाशा बघा, लागला कामी!"

म्हणजे पोपटी साडीच्या बापाला खोट्याचा राग आला नव्हता. त्याला फक्त कागद पाहिजे होता.

तारखेला मी कॉटनची साडी नेसून गेले. तडजोड असल्यामुळे न्यायाधीशांनी सगळ्यांनाच आपल्या खोलीत बोलावलं. एका बाजूला शेखर आणि सुमतीबाई, दुसऱ्या बाजूला मी, दादा आणि वहिनी, मध्ये जुई. न्यायाधीश वयस्कर होते, मऊ बोलणारे. त्यांनी कागद वाचला.

"'मुलीच्या हिताचा विचार करून'," ते मोठ्यानं म्हणाले आणि मान डोलावली. "छान. असे पालक कमी बघायला मिळतात. विशेषतः तुम्ही," शेखरला म्हणाले, "मन मोठं लागतं याला."

शेखरनं मान खाली घातली, फार नम्रपणे. सुमतीबाईंनी डोळ्याला पदर लावला. मी दात आवळून धरले. मला माझी पोर मिळत होती, आणि तोंडात कडू पाणी येत होतं. पण म्हटलं, येऊ दे. एक सही होऊ दे फक्त.

"बाळ, नाव काय तुझं?"

"जुई."

"जुई, तू आता आईकडे राहायचं. आवडेल ना?"

तिनं मान हलवली.

"आणि महिन्यातून एकदा बाबांना भेटायचं. सांग बघू बाबांना, मी येईन म्हणून."

जुई शेखरकडे वळली. तोंड उघडलं, आणि थांबली. खोलीभर पाहिलं, इतकी सगळी माणसं. मग सुमतीबाईंकडे बघून, अगदी खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं तिनं विचारलं,

"आजी, आज काय म्हणायचं? बाबा की काका?"

न्यायाधीशांचा हात कागदावर थांबला.

"पोर आहे, बोलते आपलं काहीतरी," सुमतीबाई म्हणाल्या. आवाजातलं लोणी आटलं होतं. शेखरचे कान लाल झाले. मला खोटं बोलायचं नाही, मला आनंद झाला. साक्षीदार मिळाला नव्हता ना मला, हा घ्या. मी मान ताठ करून दादाकडे पाहिलं, की बघ, दर रविवारी कसल्या घाणीत धाडत होतो आपण पोरीला.

दादा माझ्याकडे बघत नव्हता. तो वहिनीकडे बघत होता.

कारण जुई आता तिच्याकडे वळली होती. तिला वाटलं असणार, एकीनं उत्तर दिलं नाही तर दुसरी देईल.

"मामी, आणि आईला? आज आई म्हणायचं की आत्या?"

मला मिरजेचे ते पाहुणे आठवले, म्हातारे आणि टक्कल पडलेले. फरशीची ऑर्डर. माझ्या हातातला चहाचा ट्रे. शहाणी गं माझी बाय ती.

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही राहता कुठं?"

"भावाकडे."

"हं," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

बाहेर व्हरांड्यात दादानं पेढ्यांचा बॉक्स उघडला. बोरगावकरबाईंनी एक घेतला, समोरच्या वकिलानं दोन. सुमतीबाईंनीही पिशवीतून एक बॉक्स काढला, त्यांच्याकडे साखरपुड्याचे पेढे होते. दोन्हीकडचे पेढे फिरत होते, आणि सगळे एकमेकांचे घेत होते.

"कधीपासून?" मी वहिनीला विचारलं.

"अगं, तुझ्याच भल्यासाठी. मुलगी आहे म्हटलं की माणसं चहा पिऊनच उठतात. जमल्यावर सांगणारच होतो की."

"किती वेळा?"

वहिनीनं बोटं मोडली. दादा पेढा घेऊन जुईपुढे वाकला. "खा गं माझी सोन्या. जिंकलो आपण!"

जुईनं माझ्याकडे पाहिलं. मी तो पेढा दादाच्या हातातून घेतला, परत बॉक्समध्ये ठेवला आणि झाकण लावलं. मग तिचं बोट धरून चालू लागले. दादा मागनं ओरडत होता, गाडी इकडं आहे, इकडं. संघातल्या एका मैत्रिणीचं घर शाहूपुरीत होतं, तिच्या गच्चीवर पत्र्याची खोली होती. मी रिक्षावाल्याला तिथला पत्ता सांगितला. कपडे नंतर आणता आले असते.

जुई रिक्षातून बाहेर बघत होती. मग माझ्या दंडाला टेकली.

"आई, मी चुकले का तिथं?"

"नाही. तिथं तू एकटीच बरोबर होतीस."

"मग आता तुला रोज आईच म्हणायचं?"

"हो. रोज."

तिनं थोडा विचार केला. खात्री करून घेतल्याशिवाय ती काही सोडत नाही, अजूनही तशीच आहे.

"पाहुणे आले तरी?"

"पाहुणे आले तरी," मी म्हटलं, आणि तोंड दुसरीकडे वळवलं.